सद्दीवरची पतंग

डॉक्टर मॅडमनी रिपोर्ट वाचला आणि टेबलावर पालथा ठेवला, तेव्हाच मला समजलं. अर्धं आयुष्य सौदे करण्यात गेलं आहे. समोरचा माणूस कागद पालथा ठेवतो तेव्हा आत काय लिहिलं असेल, ते मला वाचावं लागत नाही.

"विमलबाई, गाठ कॅन्सरची आहे," त्या म्हणाल्या. "उजव्या स्तनात. काखेतही थोडी पसरलेली दिसते."

मी विचारलं, "किती दिवस थांबता येईल?"

"कशासाठी?"

"मृग बहाराच्या संत्र्याची तोड चालू आहे. बगिचे अर्धे उतरायचे आहेत."

त्यांनी चष्मा काढला. "थांबायचं तेवढं तुमचं थांबून झालेलं आहे," एवढंच म्हणाल्या.

खरं होतं ते. गाठ हाताला लागली तेव्हा थंडी होती. पण आमच्या धंद्यात छातीला, खांद्याला क्रेटचा कोपरा रोज लागतो. मला वाटलं, मार बसला असेल, जिरेल. दुखतही नव्हतं. आणि आमच्याकडे तोड लागली की दवाखाना नसतो. ताप असो, दाढ असो, तोडणाऱ्या बाईपासून ट्रक भरणाऱ्या माणसापर्यंत सगळे एकच बोलतात, "तोड होऊ दे." मीही तेच बोलले. थंडी गेली, होळी गेली, गाठ बोरापासून लिंबाएवढी झाली.

हे मी मुद्दाम लिहिते आहे. तुमच्याकडे तोड नसेल, पण लग्न असेल, परीक्षा असेल, कापूस वेचायचा असेल. कॅन्सरच्या गाठीचं असं आहे की ती बहुतेक वेळा सुरुवातीला दुखत नाही. दुखली असती तर मीच पहिल्या दिवशी नागपूरला पळाले असते.

मी पांढुर्ण्याची. म्हणजे सासर पांढुर्ण्याचं, माहेर सौंसरचं. नवरा लवकर गेला. पांढुर्ण्याच्या स्टेशनवर टोपलीत संत्री घेऊन गाडीच्या खिडक्यांशी धावण्यापासून मी सुरुवात केली. मग चार झाडं घेतली, मग अर्धा बगिचा, मग पुरे बगिचे. फळ झाडावर हिरवं असताना भाव ठरवायचा, इसार द्यायचा आणि पिकल्यावर तोडून न्यायचं, हा माझा धंदा. बाईमाणूस म्हणून मला कोणी भाव कमी केला नाही आणि मीही कोणाला सोडलं नाही. माझा राग या दोन्ही तहसिलींत माहीत आहे.

मॅमोग्राफी झाली, म्हणजे स्तनाचा एक्स-रे. त्याआधी बायॉप्सी झाली होती, म्हणजे जाड सुईनं गाठीचा तुकडा काढून तपासतात. मग सीटी स्कॅन, कॅन्सर शरीरात आणखी कुठे गेला आहे का ते पाहायला. प्रत्येक ठिकाणी बाकडं, प्रत्येक बाकड्यावर आपल्यासारख्याच बाया, मांडीवर प्लॅस्टिकच्या थैलीत फायली घेतलेल्या. कोणी कोणाशी बोलत नव्हतं. मी तर मुळीच नाही. ओळखीचं कोणी दिसू नये म्हणून मी तोंडाला ओढणी बांधून बसत होते.

उन्हाळ्यात ऑपरेशन झालं. मास्टेक्टॉमी, म्हणजे पूर्ण स्तन काढणं, आणि त्यासोबत काखेतल्या गाठी. उजव्या बाजूला नळी लावून घरी पाठवलं. तिला ड्रेन म्हणतात, आतलं पाणी बाहेर यायला. मग केमोथेरपी, म्हणजे शिरेतून देतात ते औषध. केस गेले, तोंडाला चव राहिली नाही, भाताच्या वासानं मळमळायचं. सून पोरीसारखी उभी राहिली. मी तिच्यावरही ओरडले.

गावात मी सांगितलं की पित्ताची पिशवी काढली. खरं फक्त तिघांना माहीत होतं, मुलगा, सून आणि चंदा.

आता चंदाबद्दल सांगायलाच हवं, कारण ही गोष्ट आजाराइतकीच तिची आहे.

सौंसरला आमची घरं पाठीला पाठ लागून होती. घरांमागे कापसाचं जिनिंग होतं. सुट्टीच्या दिवशी त्याचं मोठं आवार रिकामं पडायचं. पोरं घरांच्या छतावर चढून पतंगा उडवायची. आम्हा पोरींना छतावर चढू देत नसत. मग आम्ही दोघी जिनिंगच्या आवारात. भात शिजवून त्यात बल्बची काच कुटून घालायची, रंग घालायचा, विजेच्या दोन खांबांमध्ये दोरा ताणून त्यावर तो लगदा चोळायचा. मांजा करताना बोटं कापायची, ती माझी. चंदा मांज्याला भ्यायची. ती चक्री, म्हणजे दोऱ्याची फिरकी, धरायची आणि तोंडानं काम करायची. "डावीकडून लाल येऊन राहिली वो विमल. ढील दे. आता ओढ, ओढ." पतंग माझी आणि डोळे तिचे, असं होतं ते. दुपारची उन्हं, वाऱ्यावर उडणारा सरकीचा बारीक कापूस, आणि पाठीमागे तिचं ते न थांबणारं बोलणं. आजही डिसेंबरचं कोवळं ऊन पाठीला लागलं की मला तिचा आवाज आधी ऐकू येतो, मग बाकीचं आठवतं.

माझं लग्न झालं, मी पांढुर्ण्याला आले. ती सौंसरलाच राहिली, आंगनवाडीची सेविका झाली. पतंग सुटली. पण दर आठवड्याला बसमध्ये बसून एक जण दुसरीकडे जायची, ते सुटलं नाही.

केमो चालू असतानाच आंबिया बहाराचे, म्हणजे दिवाळीच्या सुमारास उतरणाऱ्या फळाचे, सौदे सुरू झाले. मी डोक्यावरून पदर घट्ट घेऊन जामसावळीच्या रस्त्यावरचा एक बगिचा पाहायला गेले. कित्येक वर्षं तो मीच घेत होते. मालकानं मला चहा पाजला आणि मान खाली घालून बोलला, "ताई, यंदा राहू द्या. आराम करा. जिवापेक्षा बगिचा मोठा नाही."

"काय झालं मले?"

त्यानं बशी खाली ठेवली. मग बोलला, "घरच्याइनं आंगनवाडीत ऐकलं. चंदाबाई सांगून राहिल्या होत्या."

हातावर इसार ठेवायचा धंदा आहे आमचा. वर्षभराचं फळ माणूस एका शब्दावर देतो. दिवाळीपर्यंत जगेल की नाही अशा बाईला कोण देईल? मला त्याचा राग आला नाही. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं. तो बगिचा दुसऱ्यानं घेतला आणि ते पाहून आणखी दोघांनी मला नाही म्हटलं.

मी बसस्टँडवरूनच चंदाला फोन लावला.

"मी नाव नाई घेतलं वो तुहं," ती बोलली. "बायाइले समजावून राहिलो होतो, गाठ लागली त लपवू नका. इतकंच सांगतलं की माही एक मैतरीण हाय, पांढुर्ण्यात लगन करून देल्ली, संत्र्याचा धंदा करते."

"दोन तहसिलींत अशा किती बाया हायेत, सांग."

मी फोन कापला. त्यानंतर मी तिचे फोन उचलले नाहीत.

रेडिएशन झालं, म्हणजे छातीवर किरणांचा शेक. आठवड्याचे पाच दिवस, पुष्कळ आठवडे. त्यासाठी नागपूरला खोली घेऊन राहिले. शेक काही मिनिटांचा असतो आणि वाट पाहणं दुपारभर. त्या वाट पाहण्यात मी चंदाशी मनातल्या मनात भांडत होते. खरं सांगते, त्यात वेळ बरा जायचा.

इलाज संपला. लोकांना वाटतं तिथे सगळं संपतं. माझा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. काखेतल्या गाठी काढल्यावर आणि शेक दिल्यावर आतलं मांस आखडतं. फिजिओथेरपीवाल्या मुलीनं भिंतीसमोर उभं केलं आणि बोटांनी भिंत चढायला सांगितलं, मुंगी चढते तशी. जिथे बोट पोचेल तिथे पेन्सिलची खूण करायची, उद्या तिच्या वर जायचं. सकाळ-संध्याकाळ वीस वेळा.

"दहा वेळा चालेल," मी म्हटलं.

"वीस."

"बारा."

ती हसली, पण मी खरंच घरी येऊन सहा वेळा करायचे आणि दुखलं की भिंतीला शिव्या देऊन बसायचे. पुढच्या वेळी तिनं हात धरून पाहिला आणि हसली नाही. "काकू, असंच राहिलं तर सांधा धरून बसेल. फ्रोझन शोल्डर म्हणतात. मग हात आयुष्यभर इथवरच."

इथवर म्हणजे मला काय ते तिला माहीत नव्हतं. बाहेरच्या फांदीवरचं संत्रं उन्हानं रंगलेलं असतं, ते फसवतं. खरा बगिचा झाडाच्या पोटात असतो. हात वर करून आतल्या फांदीत घालावा लागतो, फळ दाबून पाहावं लागतं. तो हात नसेल तर मी भाव कशावर बोलू?

डिसेंबरमधल्या एका सकाळी चंदा आली. सौंसरच्या बसनं, हातात मोठी थैली. मी ओसरीवर बसले होते. तिनं माझ्याकडे पाहिलं, मी दुसरीकडे. ती सरळ जिना चढून स्लॅबवर गेली. सुनेनं फोन करून बोलावलं होतं, हे मला मागून कळलं.

थोड्या वेळानं वरून कागद फडफडल्याचा आवाज आला. मी अर्धा तास सहन केलं. मग चढले. बाई पतंग उडवत होती. उडवत कसली, पतंग स्लॅबवर आपटत होती.

"कन्नी चुकली तुही," मी बोलले. आमच्या अबोल्यातला तो पहिला शब्द. कन्नी म्हणजे पतंगीला दोरा बांधायची गाठ, ती खालीवर झाली की पतंग उठत नाही.

"मी कधी बांधली होती? मी त चक्री धरत होतो."

"मंग धर चक्री. कायले पतंगीचा जीव घेऊन राहिली?"

मी कन्नी सोडून नीट बांधली. तिनं सुटी दिली, म्हणजे लांब जाऊन पतंग वर सोडली, मी ओढली, पतंग उठली. दोन्ही हातांनी दोरा ओढताना, ढील देताना, उजवा हात डोक्याकडे कधी गेला ते मला कळलं नाही. जेव्हा कळलं तेव्हा इतकी कळ आली की मी खाली बसले. पण तो गेला होता. भिंतीवरच्या खुणेच्या कितीतरी वर.

चंदा दर दोन दिवसांनी यायला लागली. आम्ही बगिच्याबद्दल बोललो नाही. बोललो ते फक्त वाऱ्याबद्दल. सून चहा आणून द्यायची आणि आम्हाला पाहून हसत खाली जायची. दोन म्हाताऱ्या, एकीच्या डोक्यावर स्वेटरसारखे नवे केस, दुसरी चक्री घेऊन कमेंट्री करणारी.

तिनं आणलेला दोरा सद्दी होता. सद्दी म्हणजे साधा दोरा, काच न लावलेला. डॉक्टरांनी सांगितलं होतं, उजव्या हाताला काही लागू द्यायचं नाही. सुई नाही, रक्तदाबाचा पट्टा नाही, काटा नाही, सुरी नाही. काखेत जन्मापासून ज्या बारीक गाठी असतात, त्या शरीरातली घाण गाळतात. त्या काढल्या की त्या हाताला साधी जखमही झेपत नाही. मांजा तर सोडाच.

पण सद्दीवरची पतंग म्हणजे काय, ते उडवणाऱ्याला विचारा. कोणीही येतो आणि कापून जातो. शेजारच्या छतावरच्यांना कळलं की इथे फुकटची पतंग आहे. रोज माझ्या चार-पाच जायच्या, आणि प्रत्येक वेळी तिकडून "ओ काट" ऐकावं लागायचं. मी जन्मात कोणाला फुकट काही दिलं नव्हतं.

एक दिवस चंदा यायच्या आधी मी बाजारातून मांजा आणला. दुपारभर मी पाच छतांच्या पतंगा कापल्या. चंदा आली तेव्हा मी राजासारखी उभी होते. तिनं चक्री हातात घेतली, दोरा बोटाला खरखरला आणि तिचं तोंड उतरलं. "विमल, हात दाखव."

उजव्या तर्जनीवर एक रेघ होती. रक्तही धड आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी हात कोपरापर्यंत लाल, गरम आणि जड. थंडी वाजून ताप. मुलानं गाडीत घातलं, रात्री थांबलेली चंदा मागे बसली, नागपूर गाठलं. याला सेल्युलायटिस म्हणतात, कातडीखाली जंतू पसरतात. त्यातून लिम्फेडीमा होऊ शकतो, म्हणजे हाताची सूज जी पुढे पूर्ण कधीच उतरत नाही.

डॉक्टर मॅडमनी विचारलं, "हे कशानं कापलं?"

"कांदा कापताना सुरी लागली," मी म्हटलं.

"खोटं बोलून राहिली," चंदा दारातून बोलली. "मांजा हाय. काल दुपारभर पतंग उडवली हिनं, काचेच्या मांज्यानं. बोट कितीकदा घासलं ते नाई माहीत."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, बोट भिंगाखाली धरलं, आत काचेचा बारीक कण होता तो काढला. धनुर्वाताचं इंजेक्शन, डाव्या हातात सलाईन, भरती.

वॉर्डात आणल्यावर मी चंदाला म्हटलं, "तुह्या तोंडाले कधी कुलूप लागन का?"

"नाई."

"माहा बगिचा गेला तुह्यापायी. तीन गेले."

"गेले. मले माहीत हाय." ती स्टुलावर बसली, माझ्या पायावरची चादर नीट केली. "मी नाव घ्याले नाई पायजे होतं, अन् मी घेतलंच, नाव न घेता. ते माहं चुकलं. पण आज मी चूप राहिलो असतो त ते काचेचं आतच राहिलं असतं. तू मरशीन त मी कोणाशी भांडू? आंगनवाडीतल्या लेकराइशी?"

बाजूच्या खाटेवरची बाई भिंतीकडे तोंड करून हसली. मलाही हसू आलं, पण मी ते दाबलं. तक्रार इतक्या स्वस्तात द्यायची नव्हती.

तिनं रजा टाकली आणि सूज उतरेपर्यंत राहिली. वॉर्डातल्या सगळ्या बायांशी तिची ओळख झाली. कोणाला किती केमो झाले, कोणाची सून येत नाही, कोणाला डाळिंब चालतं. ज्या बाकड्यांवर मी तोंड बांधून बसत होते, तिथे ती मला हाताला धरून घेऊन जायची आणि म्हणायची, "ही माही मैतरीण, विमल." मग थांबायची. पुढचं माझ्यावर सोडायची. मी काही बोलत नसे. तिनंही काही जोडलं नाही.

घरी आल्यावर आम्ही पुन्हा स्लॅबवर गेलो, हातमोजा आणि सद्दी घेऊन. हातावर घट्ट बाही आली, कॉम्प्रेशन स्लीव्ह, सूज दाबून ठेवायला. पतंगा कटतच राहिल्या. हळूहळू मला कळायला लागलं की न कापता उडवण्याचीही एक पद्धत असते. कोणी जवळ आलं की भांडायचं नाही, ढील देत दूर न्यायची, उंच न्यायची, बारीक ठिपका होईपर्यंत. कधी वाचायची, कधी नाही. गेली की चंदा ती दिसेनाशी होईपर्यंत सांगत राहायची, "स्टेशनाकडे चालली... लिंबावर अडकली... नाई, सुटली." संक्रांतीपर्यंत हात कानाला लागला. पूर्ण सरळ अजूनही होत नाही, होईल असंही कोणी म्हणत नाही. पण झाडाच्या पोटात जातो.

तुमच्यापैकी कोणावर ही वेळ आली असेल तर सांगते. हाताचा व्यायाम सोडू नका. भिंत नको वाटत असेल तर दुसरं काही शोधा, वर पाहायला लावणारं, आणि डॉक्टरांना विचारून करा. आणि एकट्यानं करू नका. मी डॉक्टर मॅडमचे, त्या फिजिओच्या मुलीचे आणि सुनेचे उपकार मानते. चंदाचे मानत नाही. तिच्यासमोर तर मुळीच मानणार नाही. ते तीन बगिचे मी विसरलेले नाही.

मागच्या महिन्यात मी सौंसरला गेले. चंदाची आंगनवाडीत बायांची बैठक होती. मी मागे, दाराजवळ बसले. ती तेच सांगत होती, गाठ, तपासणी, लपवू नका. माझ्याकडे न पाहता बोलली, "एक बाई हाय, तिच्या डाव्या बाजूले गाठ आली होती..."

"उजव्या," मी बोलले.

सगळ्या बाया वळल्या. चंदा गप्प झाली, पहिल्यांदाच.

"अन् ती बाई मीच हावो," मी उठले. "विमल. पांढुर्ण्याची, संत्रेवाली. तू बस, चंदा. मी सांगतो."

मी सांगितलं. गाठ कशी होती, कशी लागली, काय काय काढलं, केस कसे आले, बाही कशाला घालते. ओळखीच्या बगिच्यांच्या दोन मालकिणी समोरच होत्या. पाहिलं मी त्यांच्याकडे. सांगत राहिले.

बैठक उठली. सगळ्या निघाल्या तरी एक जण सतरंजीची घडी करण्याच्या निमित्तानं मागे राहिली. लहानच होती, कडेवर लेकरू. माझ्याजवळ आली आणि हळूच विचारलं, "काकू, तुमाले दुखत होतं का?"

"नाई."

तिनं लेकरू दुसऱ्या कडेवर घेतलं.

चंदानं फोन लावून नागपूरच्या पहिल्या बसची वेळ विचारली. सकाळी त्या बसमध्ये आम्ही तिघी होतो. चंदा खिडकीशी, ती मधे, आणि मी कडेला, फाईलची रिकामी थैली मांडीवर घेऊन.